दोन हाका, एक ओ

सांगवीची सिंधुबाई रोज सकाळच्या यष्टीनं बारामतीच्या विमानतळावर झाडलोटीला जायची. हातात दोन डबे, एक तिचा, एक मल्हारचा. सत्त्याण्णव सालची ही गोष्ट. तिथं पोरं विमान चालवायला शिकत, आणि तिचा एकुलता एक मल्हार वायरींच्या कामावर होता. मेंढरांमागं हिंडलेल्या घरातलं पोर आभाळात जातंय, म्हणून तिची मान ताठ. शेजारची मुक्ताबाई म्हणायची, "लई वर गेला बया तुझा ल्योक! खाली बघतोय का आता आमच्याकडं?"

तिथल्या विजयसिंह साहेबानं एक पेटी बनवली होती. "विमान पडलं की लोक रानोमाळ पेटी शोधत हिंडतात," साहेब सांगायचा. "आपली पेटी उडतानाच सगळं खाली धाडते. किती उंची, आत कोण काय बोललं, सगळं त्याच घटकेला." खोलीत कागदाची गुंडाळी फिरायची, काटा तिच्यावर शाईनं उंचीची रेघ ओढायचा. विमानातलं बोलणं भोंग्यातनं यायचं आणि टेपवर उतरायचं. पेटी सांभाळायला मल्हार वैमानिकाशेजारी बसायचा.

चैत्रातली भर बाराची दुपार. मल्हार विमानात वर गेलेला, सिंधुबाई ती पेटीची खोली झाडत होती. बाहेर ऊन नुसतं थरथरत होतं. साहेबाला ऑफिसात फोन आला. जाताना म्हणाला, "बाई, बसा इथंच. काही वाटलं तर हे बटण दाबून बोला, वर ऐकू जातं."

सिंधुबाई एकटीच उरली. खोलीत तापलेल्या वायरींचा वास. भोंग्यातनं इंजिनाची घरघर, घागरीत भुंगा कोंडल्यासारखी. मधनं मधनं वैमानिकाचं बोलणं. मग ते थांबलं.

"साहेब... ओ साहेब..." मल्हारचा आवाज, शेजारच्या वैमानिकाला हलवत असल्यासारखा. "मान टाकली की ओ यांनी..."

आणि मग, "आये!"

तिचा हात बटणाकडं गेला आणि अर्ध्यातच थिजला.

तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच शिकवण होती. भर बाराला, डोळ्यांना न दिसणाऱ्या माणसाची हाक आली तर ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेला द्यायची. माणूस तिसऱ्यांदा हाक मारतं, ते दुसरं जे असतं ते दोनदाच मारतं. तिचा नवरा म्हस्कू वरकुट्याच्या माळावर पहिल्याच हाकेला ओ देऊन उठला होता आणि संध्याकाळी विहिरीत सापडला. हाक सिंधुबाईच्या आवाजात होती, असं बरोबरचे मेंढके सांगत. ती तर त्या दिवशी सांगवीत जात्यावर बसली होती.

"आये... हायस का गं तितं?"

दोन झाल्या. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. अजून एक मार रे लेकरा. एकच.

तिसरी हाक आलीच नाही. घरघर चालू होती. काटा खाली उतरायला लागला. पडल्यासारखा नव्हे, कुणी जिना उतरावा तसा, सावकाश. कागदाची खालची कड आली तरी थांबला नाही. शाईची रेघ कागद सोडून टेबलाच्या लाकडावर उतरली. मग भोंगा गप झाला.

विमान उसाच्या पाचटाच्या एका रानात सापडलं. दोघंही गेले होते.

तेराव्याला साहेब घरी आला, काखेत टेप घेऊन. खाली मान घालून बसला.

"बाई, राग मानू नका. त्याला काय म्हणालात तुम्ही?"

"काय म्हणायचं, सायेब? म्या तोंडच उघडलं न्हाय. त्येच तर खातंय मला..."

साहेबानं टेप लावली. घरघर. "आये... हायस का गं तितं?" आणि लगेच एक बारकं खोकणं. बोलायच्या आधी सिंधुबाई खोकायची, अगदी तसंच.

"ओ. हाय रं बाळा. ये, खाली ये... भाकर निवतीया."

मल्हार हसला. जिवात जीव आल्यासारखा. "आलो गं आये."

सिंधुबाईनं भिंत धरली. "ह्यो माझाच आवाज... पर म्या... भोंग्यातनं तर ह्यातलं काय बी आलं न्हाय तवा..."

"बटण दाबलं की टेपवर टिक वाजते," साहेब हळूच म्हणाला. "ती नाही इथं. हे बोलणं खोलीतनं वर गेलेलं नाही, बाई. ते वरनं खाली आलंय... विमानातनं."

सिंधुबाईनं ते काम सोडलं. वर्ष गेलं. कुणी हाक मारली तर ती ओ देत नसे, उठून समोर जाऊन उभी राही. लोकांना वाटे, पोराच्या दुःखानं बाई बहिरी झाली.

एके दुपारी ती वैरणीचा भारा घेऊन रानातनं आली. मुक्ताबाई आपल्या अंगणात शेंगा निवडत होती. तिला बघून हातातलं सूप तसंच राहिलं.

"सिंधे... तू रानातनं आलीस?"

"व्हय. सकाळधरनं तितंच हाय की. का गं?"

"अगं, आत्ता कुडावरनं हाक मारली म्या तुला, ताक हाय का म्हणून. खोकलीस... वर्सानं ओ दिलीस... पोरीला धाड म्हणालीस की! म्या स्वरालीला धाडली."

दोघी सिंधुबाईच्या दाराकडं धावल्या. कडी घातलेली. कडीला कुलूप. किल्ली सिंधुबाईच्या कनवटीला.

"स्वराली!" मुक्ताबाई किंचाळली. "ये पोरी!"

आतनं तिच्या नातीचा आवाज आला, अर्धवट झोपेतला.

"आज्जे, वराडू नगं ना... सिंधुआजीच्या मांडीवर निजलीया मी."