बोर्गिल्डचा दोर

हे खरं आहे. ज्याला थाप वाटेल त्यानं नोव्हेंबरात आमच्या नॉर्थ डाकोटात यावं, आणि बर्फाचं वादळ सुटल्यावर घरापासून गोठ्यापर्यंत जाऊन दाखवावं. परत आला, तर पुढचं बोलू.

साल १९४८. थँक्सगिव्हिंगची, म्हणजे आमच्या आभाराच्या सणाची, आदली संध्याकाळ. लिंडाल गावाबाहेर हाल्वर टोर्सनचं शेत.

हाल्वर म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. अंगानं रेडा, कामाला वाघ, आणि आभार मानायची वेळ आली की मुका. सणाच्या दिवशी घास घेण्याआधी आमच्यात प्रत्येकानं एकेका गोष्टीचे आभार मानायचे असतात. हाल्वरची पाळी आली की तो म्हणायचा, "बटाटे इकडे सरकवा."

मावशी, बोर्गिल्ड, त्याच वर्षी वसंतात गेली. पाद्री तिचे गुण गात होता, तेव्हा हा पुटपुटला, "आटपा लवकर. गाई धारेला खोळंबल्यात."

असा माणूस.

तर त्या संध्याकाळी माझी आई, सिग्ने, त्याच्याकडे टर्की भाजायला आली होती. आभाळ शिशासारखं झालं होतं. हाल्वरनं कंदील उचलला.

"दोर बांधलास का?" आईनं विचारलं.

"कसला दोर?"

"घर ते गोठा, वादळात धरून चालायला. बोर्गिल्ड पहिल्या बर्फाआधी बांधायची, तो. तळघरात खिळ्याला आहे बघ."

"माझ्याच अंगणात मला दोर? मग दुपटंही गुंडाळ की."

"दोघांनी एकदम दोरावर नको, म्हणून धारा झाल्या की ती गोठ्यात थांबून तुला घराकडे पुढे पाठवायची. पोचलास की दोन हिसके दे, एवढंच मागायची. मग तिनं तीन हिसके द्यायचे, म्हणजे 'निघाले'. एकदा तरी दिलेस का रे दोन हिसके?"

"आत आलं की माणूस चुलीपाशी बसतो."

"आणि ती तिकडे गोठ्यात कुडकुडत उभी."

"यायचीच की शेवटी," हाल्वर म्हणाला, आणि दार आपटून गेला.

धारा काढून होईतो वादळ फुटलं. हाल्वर गोठ्याबाहेर पडला. दोन पावलांत कंदील विझला.

तो हसला. तीस वर्षांची पायाखालची वाट.

चालत राहिला.

एव्हाना घराची पायरी लागायला हवी होती...

लागली नाही.

पवनचक्कीची करकर डावीकडून यायला हवी होती. ती उजवीकडून आली. मग मागून. मग आलीच नाही.

वारा नुसता कानात भरला होता. बोटं बधिरली. गुडघा टेकला. झोप यायला लागली, गोड, उबदार... आमच्याकडे लहान पोरालाही कळतं ती झोप कसली.

आणि छातीला काहीतरी लागलं.

दोर.

ताणलेला. तारेसारखा.

"आली का अक्कल सिग्नेला," हाल्वर गुरगुरला. "पण गाठ बहिणीसारखीच ढिली असणार."

दोर सैल पडला.

हाल्वरनं बर्फात हात खुपसून तो शोधला. ओढला. नुसताच येत राहिला, टोक कुठेच बांधलेलं नसल्यासारखा.

मग पलीकडून एक हिसका आला... रागावलेल्या बाईनं बाही ओढावी तसा.

तो हिसका त्याच्या ओळखीचा होता.

 हाल्वर घाईघाईनं पाद्र्यासारखं बोलू लागला, "प्रभो, अन्नाबद्दल, छपराबद्दल, सर्व कृपेबद्दल..."

दोर सैलच. असल्या पोपटपंचीला घरी बोर्गिल्ड पाठ फिरवायची.

"मग काय हवंय तुला?" तो ओरडला.

 पाय आता जाणवत नव्हते. आणि पायांवरूनच त्याला आठवलं.

"मोजे," तो म्हणाला. "माझ्या मोज्यांच्या टाचांना तू दुहेरी लोकर घालायचीस."

दोर ताठ झाला.

हाल्वर दोर धरून पुढे सरकला. थोडं गेल्यावर पुन्हा सैल.

"तुझी कॉफी फार छान असायची."

सैल तो सैलच.

"बरं बाई, गटाराचं पाणी होतं ते. पण माझ्याआधी उठून करायचीस."

ताठ.

असं करत करत तो आला. तापात तिनं जागवलेल्या रात्री. त्याच्या आईचं तिनं काढलेलं शेवटचं आजारपण. ज्या माणसानं जन्मात एक 'थँक्यू' खर्चला नाही, तो बर्फात रांगत, रडत, शिव्या देत एकेक आठवण हुडकत होता. खोटी निघाली की दोर खाली, खरी निघाली की ताठ.

हाताला दारालगतची लोखंडी कडी लागली. दोर तिलाच बांधला होता.

तो आत कोसळला. "दोर बांधायला उशीर केलास, सिग्ने."

"मी?" आईच्या हातात पळी होती. बूट कोरडे. "मी चुलीपासून हलले नाहीये. दोर तळघरात आहे."

हाल्वर तळघरात उतरला.

खिळ्यावर वेटोळं तसंच होतं. बोर्गिल्डनं घातलेलं. त्यावर कोळ्याचं जाळं.

तेवढ्यात वर काहीतरी वाजलं...

खट्.

खट्.

आईनं दार उघडलं. कडीला दोर होताच. अंधारातून कोणीतरी तो ओढत होतं. थांबून, वाट बघून, पुन्हा ओढत होतं.

आई म्हणते, हाल्वरचं तोंड तिनं तसं कधी पाहिलं नव्हतं. तो पुढे झाला. दोर धरला. आणि तीस वर्षांत पहिल्यांदा दोन हिसके दिले.

पोचलो.

वारा थांबला. खरंच थांबला.

मग पलीकडून आले...

एक.

दोन.

तीन.

"हाल्वर, दार लाव," आई कुजबुजली.

"नको," तो म्हणाला. "निघालीय ती."

दुसऱ्या दिवशी कडीला दोर नव्हता. जेवताना हाल्वरनं एक ताट जास्तीचं मांडलं. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं बटाटे मागितले नाहीत.  दाराकडे बघत राहिला. पुढे मरेपर्यंत दरवर्षी त्या संध्याकाळी त्यानं कधी दाराला कडी घातली नाही.

आता ते घर माझ्याकडे आहे. मीही घालत नाही. हसा खुशाल.

पण एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही. गोठ्यापासून घर असं कितीसं लांब आहे?

तीन हिसके देऊन ती तेव्हाच निघाली...

मग अजून पोचली कशी नाही?