एक मात्रा आधी

त्र्याहत्तर सालच्या नोव्हेंबरातली ती दुपार. वुल्व्हरहॅम्प्टनमधल्या नॉर्मन टास्करच्या बाहेरच्या खोलीत गॅसची शेगडी फुरफुरत होती. मॅव्हिस शिकवणीला आली ती बस कंडक्टरच्या गणवेशातच. तिच्या एका हातात गिटारची पेटी होती, दुसऱ्यात संगीताचं साप्ताहिक.

"मास्तर, बारा गिटारवाल्यांत तुम्ही चौथे! सगळ्यात जास्त प्रभाव कुणाचा, नवं काय कुणी केलं, त्याची यादी आलीय. आणि हा चौथा महापुरुष इथे माझं बेसूर ऐकत चहा ढोसतोय."

"यादी करणाऱ्याला कान नाहीत. वरचे तिघे कोण?" नॉर्मन गुरगुरला, पण मनातून खूश होता. उद्या त्याच साप्ताहिकाची बाई मुलाखतीला यायची होती.

त्याचं नाव झालं ते एका युक्तीमुळे. गिटारवरचं आवाजाचं बटण बंद ठेवून तार छेडायची आणि मग करंगळीने ते हळूच वर न्यायचं. छेडल्याचा ठोका ऐकूच येत नाही. कुणी न वाजवताच सूर उगवल्यासारखा वाटतो. ही युक्ती आपली, असं तो नऊ वर्षं सांगत आला होता. खरं तर ती त्याचा जोडीदार कॉलिन पार्गेटरची. रेकॉर्डिंगच्या तीन महिने आधी कॉलिन मोटारसायकलच्या अपघातात गेला. मग काय, झाकली मूठ सव्वा लाखाची.

मॅव्हिसने त्याची रेकॉर्ड नेहमीप्रमाणे तेहतीसऐवजी सोळाच्या वेगावर लावली. गिटार शिकणारे सगळे हेच करतात. तबकडी निम्म्या वेगाने फिरली की सूर खाली उतरतात, पण एकेक सुटा सापडतो.

"मास्तर, इथे दोन गिटार आहेत."

"एकच आहे. मी एकटा होतो."

"मग ही कोण, माझी आत्या? ऐका तरी!"

त्याने कान लावला. त्याच्या सुरांखाली तेच सूर, बारीक. प्रतिध्वनी म्हणावा, तर तो मागून येतो. हे सूर पुढे होते, बरोबर एक मात्रा.

"तबकडीच्या खाचा खेटून असल्या की पुढचं आधी झिरपतं," तो म्हणाला. तसं होतंही. पण शिकवणी त्याने आटोपती घेतली.

मॅव्हिस गेल्यावर त्याने टेपरेकॉर्डर काढून नवी कोरी टेप चढवली. आयुष्यात कधी न वाजवलेलं, सुचेल तसं वेडंवाकडं वाजवलं आणि मुद्दाम एका ओळीच्या मधेच हात उचलला. मग टेप निम्म्या वेगाने ऐकली.

दुसरी गिटार तिथेही होती.

ते सगळं वेडंवाकडं तिने आधीच वाजवलं होतं. थांबलीही होती ती त्याच्या एक मात्रा आधी.

तो अंधार पडेपर्यंत तसाच बसून राहिला. भुताची भीती त्याला वाटली नाही. आपलं म्हणावं असं काही कधी नव्हतंच की काय, या विचाराने मात्र तो पार खचला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, साप्ताहिकाची ज्युडिथ आली. चहा झाला, तिने आपला टेपरेकॉर्डर सुरू केला आणि विचारलं, "ही युक्ती सुचली कशी तुम्हाला?"

"माझी नाही ती," नॉर्मन म्हणाला. "कॉलिनची. मी चोरली."

बोलता बोलता त्याला रडू फुटलं. पण नऊ वर्षांनी छाती हलकी झाली. निदान एवढं तरी आपण आपल्या मनाने बोललो, असं त्याला वाटलं, आणि त्या रात्री तो गाढ झोपला.

शनिवारी सकाळी ज्युडिथचा फोन आला.

"मिस्टर टास्कर, मुलाखत उतरवून घेतेय. तुम्ही भरभर बोलता, म्हणून टेप हळू लावली. त्या दिवशी खोलीत आणखी कोण होतं हो?"

"कुणीच नाही. आपण दोघंच."

"असं कसं? 'माझी नाही ती' असं आधी ते म्हणतात, मग तुम्ही. शेवटपर्यंत तसंच. रडणंसुद्धा."

नॉर्मनने वळून रिकाम्या खोलीकडे पाहिलं.

"ऐकताय ना?"

"हो," तो म्हणाला.



"ते आत्ता तुमच्या शेजारीच आहेत ना?" तिने हळूच विचारलं. "आधी त्यांनी 'हो' म्हटलं."