अर्धा विणलेला बंद

ओकलंडच्या बसथांब्यावर फाविआनाच्या पिशवीचा बंद तुटला आणि कायद्याची पुस्तकं धुक्यानं ओल्या झालेल्या फुटपाथवर पसरली. वेचायला वाकली, तर समोर आणखी दोन हात... छपराचं डांबर लागलेले.

"वकीलबाई, पिशवी मेली तुमची."

ती चमकली. बोली माम होती, ग्वातेमालातल्या तिच्या डोंगरातली.

"वकील नाही झाले अजून."

"मग पिशवीही नाही मेली अजून." छपरं दुरुस्त करणाऱ्या त्या तरुणानं, मार्सेलिनोनं, खिशातून क्रोशाची सुई काढली. त्यांच्या गावाकडे पिशव्या पुरुषच विणतात. एक बस गेली, दुसरी गेली, बंद काही संपेना.

"मुद्दाम उशीर करताय तुम्ही."

"'तुम्ही' कुणाला? पिशवीची वीण ओळखली मी. एका डोंगरातली ना आपण? 'तू' म्हण की!"

"...मुद्दाम करतोयस तू."

"कळलं होय?"

मग चार वर्षं शनिवार त्यांचे झाले. आठवडाभर हॉटेलातली भांडी घासून, वर्ग गाठून थकलेली ती वाचनालयाच्या पायऱ्यांवर कलमं घोकायची. तो शेजारी विणत बसायचा. मधे मक्याचं गरम आतोल, एकाच पेल्यात.

"वकिलीच कशाला गं?"

"अकरा वर्षांची होते मी. आश्रयाच्या सुनावणीत आई माम बोलत होती, दुभाष्या स्पॅनिश. ती म्हणाली, 'घर जाळलं'; कागदावर आलं, 'घर सोडलं'. आईला परत धाडलं. मी इथे मावशीपाशी राहिले."

त्या दिवशी त्याचे टाके फार घट्ट पडले.

"तुझी वकिलीची शपथ होऊ दे," तो म्हणायचा, "मग एक सांगायचंय."

"काय?"

"विणीतलं गुपित."

शपथ झाली. चौथ्या दिवशी तो तिच्या नव्या टेबलापाशी आला... हातात कोर्टाची नोटीस, देशाबाहेर धाडण्याची. तिनं त्याचा जुना जबाब काढला. तो म्हणाला होता, 'मारायला आले'. कागदावर होतं, 'भेटायला आले'.

माम जाणणारी वकील त्या ऑफिसात एकच होती.

तिनं वकीलपत्र पुढे ठेवलं, पण बोट वरून उचललं नाही.

"सही केलीस की मी तुझी वकील. मग शनिवार नाहीत... काहीच नाही. वकील-अशिलात दुसरं नातं चालत नाही, इथला नियम आहे."

"किती दिवस?"

"निकालापर्यंत. दोन वर्षं... तीनही."

"दुसरा वकील?"

"त्याला दुभाष्या लागेल."

त्यानं नोटिशीची घडी घातली. मग हळूच म्हणाला, "सहीच्या आधी सांगून टाकू का ते—"

"नको ना! सांगितलंस तर हे बोट माझ्याच्यानं उचलवणार नाही."

त्यानं तिच्याकडे डोळे भरून पाहिलं. बंद विणला होता तितक्याच सावकाश सही केली.

"झाली. एकदा 'तू' म्हण."

तिनं पेनाला टोपण लावलं. ते नीट बसेना.

"तुम्ही... बसा," ती म्हणाली. "अगदी पहिल्यापासून सांगा. घाई नाही. शब्दन् शब्द लिहून घेणारेय मी."

तो गेल्यावर खुर्चीवर एक पिशवी दिसली. लाल, नवी. बंद अर्धाच विणलेला, सुई त्यातच अडकवलेली.

तिनं पिशवी टेबलाच्या कप्प्यात ठेवली. सुई काढली नाही.