तीन पिशव्यांची माती

"छोटू, त्या पिशव्या फेकू नकोस!" ताई ओरडली.

सुट्टी लागली होती. वर्गातली सगळी पोरं पोहायला गेली होती आणि ताई, छोटू व शेजारचा चष्मिस बाबांची माती तपासायची खोली आवरत होते. बाबा जाऊन दोन महिने झाले होते. त्याआधी शाळेच्या नव्या वाचनालयाचा एक कोपरा खचला, भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली आणि सगळं खापर बाबांच्या अहवालावर फुटलं. "माझ्याकडे आली ती माती चांगली होती गं," एवढंच ते म्हणत राहिले. कुणी ऐकलं नाही.

वाचनालयाच्या जागेवरून आलेल्या त्या पिशव्यांवर बाबांचं अक्षर होतं : खड्डा एक, खड्डा दोन, खड्डा तीन.

"बाबांसारखं करू या?" छोटूने विचारलं. ताईने मान डोलावली. तिने तीन बरण्यांत माती घातली, पाणी ओतलं आणि खळखळून हलवलं.

"जाड खडे आधी खाली बसतात, मग वाळू आणि चिकणमाती सगळ्यांत शेवटी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चष्मिसने पट्टी लावली. "अगं, तिन्ही बरण्यांत थर अगदी सारखे! खाली भरपूर मुरूम, वर चिमूटभर चिकणमाती!"

"वाचनालयाच्या तीन लांबलांबच्या कोपऱ्यांत एकसारखी माती?" ताई म्हणाली.

तिघं पळतच वाचनालयाकडे गेले. खचलेल्या कोपऱ्यात छोटूने कोपरभर खोल खणलं. काळी, चिकट माती! तळहातावर वळली तर दोऱ्यासारखी लांब होत गेली, तुटेना.

"शुद्ध चिकणमाती!" ताई म्हणाली. "भिजली की फुगते, वाळली की आकसते. हिच्यावर भिंत कशी टिकणार? ही बाबांपर्यंत पोचलीच नाही!"

ती घरून बरण्या घेऊन वाचनालयाचं काम पाहणाऱ्या इंजिनिअर मॅडमना आणायला धावली. चष्मिस मात्र खड्डे खणून माती पाठवणाऱ्या मुकादमासमोर भोळा चेहरा करून उभा राहिला.

"काका, तीन खड्डे खणायला फार त्रास होत असेल ना?"

"हॅ! तीन कशाला खणायचे?" मुकादम फुशारला. "फाटकाजवळ सोयीचा एकच खणला, पिशव्या भरल्या तीन! माती ती माती!"

"असं का?" मागून मॅडमचा आवाज आला. मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला.

मॅडमनी बरण्या पाहिल्या, काळी माती बोटांत मळली. "तुमच्या बाबांची चूक नव्हती. मी तसं लेखी देते. शाबास रे पोरांनो! मोठ्यांना जमलं नाही ते केलंत!"

ताई हसली नाही. "हे त्यांना ऐकायला हवं होतं," ती म्हणाली. मॅडमनी मान खाली घातली.

संध्याकाळी आईने ते पत्र दोनदा वाचलं.

"आता बाबा जेवले असते ना गं?" छोटूने विचारलं. शेवटचे कित्येक दिवस बाबा ताटावरून तसेच उठायचे.

आईने त्याला जवळ ओढलं. ताईने रिकाम्या पिशवीवरच्या बाबांच्या अक्षरावरून बोट फिरवलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा ती हमसून हमसून रडली.