बूट काढू नका

उद्या स्कालोवचा किल्ला बघायला निघालात म्हणता. जा की. गाव बघण्यासारखंच आहे. नदी तीन बाजूंनी वळसा घालते, मधे कातळ, कातळावर किल्ला, आणि किल्ल्याच्या पायाशी दाटीवाटीने बसलेली घरं. उरलेलं सगळं रान. उन्हाळ्यात तिथे मुंगीला शिरायला वाव नसतो. पण नोव्हेंबरात अख्ख्या गावात मिळून दहा-बारा धुरांडी पेटलेली दिसतात.

एक लाकूड सरकवा रे आत. हं.

हे सांगतोय ते माझ्या शेजाऱ्याचं. प्रोकोपचं. आमच्या भिंतीला त्याची भिंत होती. घर तापवायला टाइलच्या उंच शेगड्या असतात ना जुन्या घरांतून, त्या तो बांधायचा, दुरुस्त करायचा. मितभाषी माणूस. थापा मारणं त्याला जमायचंच नाही, म्हणून तर मला ते ऐकताना बरं वाटलं नाही.

दोन हजार तेवीस सालचा नोव्हेंबर. तेवीस तारीख, गुरुवार. दुपारी दोनच्या बसने प्रोकोप स्कालोवला गेला. वेशीतून आत गेल्यावर दुसरं घर, ओटिलीबाईंचं. त्यांची शेगडी धूर ओकत होती आणि रात्री पाणी गोठायला लागलं होतं.

ओटिलीबाईंचा नवरा विलेम एप्रिलात नदीत बुडून गेला होता. त्याला सगळेच ओळखायचे. चाळीस वर्षं किल्ल्याच्या दारात बसला तो, शेजारी फेल्टच्या सपातांची टोपली घेऊन. कोणी आत निघालं की ओरडायचा, "राजेसाहेब, बूट! ही लाकडी जमीन तुमच्या आजोबांपेक्षा म्हातारी आहे!" बुटांवरून सपाता चढवल्याशिवाय त्याने मंत्र्यालासुद्धा आत सोडलं नव्हतं.

प्रोकोपने बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं.

"या मिस्त्री. बूट काढू नका."

आता हे तुम्हाआम्हाला कळतं. घरवाली म्हणते बूट काढू नका, आणि पाहुणा काढतो. तिने म्हटलं नाही तर ती उद्धट. आणि त्याने ऐकलं तर तो गावंढळ.

"छे छे, काढतो की," प्रोकोप म्हणाला.

"खरंच नको. जमीन मळलेलीच आहे."

"ओटिलीबाई, बूट घालून तुमच्या घरात फिरलो हे कळलं तर माझी ब्लाझेना मला गोठ्यात झोपवील."

"गोठा आहे का तुमच्याकडे?"

"माझ्यासाठी बांधील."

बाई हसल्या नाहीत. "मिस्त्री, मी सांगतेय ना तुम्हाला," असं जरा मोठ्यानेच म्हणाल्या. तेवढ्यात आत चुलीवरचं काहीतरी उतू गेलं, त्याचा चर्र आवाज आला आणि त्या धावल्या. प्रोकोपने खाली बसून नाड्या सोडल्या आणि बूट भिंतीशी नीट लावून ठेवले.

तिथे दुसरं कुठलंच पायताण नव्हतं. बाईमाणसाचे बूट नाहीत, टांगलेल्या छत्रीखाली गमबूट नाहीत. फक्त सपातांचा एक जोड. तपकिरी, चौकड्यांचा, पुरुषी. त्याने पाय घातले.

ओल्या होत्या. आणि कोमट. जणू कुणी आत्ताच त्यातून पाय काढले असावेत. बरं, ती ओल पाण्याची नव्हती. चिकट होती. बोटांच्या बेचक्यात मोज्यावरून काहीतरी सरकलं.

पण करतो काय? परक्याच्या घरात शिरल्या शिरल्या सपाता झटकून टाकायच्या? त्याने दात आवळले आणि चालू लागला. पच्. पच्.

घरात एक वास होता. फुलदाणीतलं पाणी महिनाभर बदललं नाही तर येतो तसला, पण भाजलेला. शेगडीजवळ गेल्यावर तो इतका चढला की प्रोकोपने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली. त्याने काजळीचं झाकण उघडलं. आत काजळी कोरडी नव्हतीच. काळ्या लापशीसारखी ओघळत होती. त्याने पळीने एक गोळा बाहेर काढला. त्यात अळ्या होत्या. पांढऱ्या, लठ्ठ, वळवळणाऱ्या. रोज विस्तव पेटतो त्या शेगडीत. त्याने तीस वर्षांत असं बघितलं नव्हतं.

"ओल कुठून येते ही?" त्याने विचारलं.

"मी त्यावर रोज एक वस्तू वाळत घालते," बाई म्हणाल्या. एवढंच.

त्याने तीन बादल्या भरून तो राडा मागच्या अंगणात नेऊन टाकला. आतली सैल झालेली वीट बसवली. काळोख सव्वाचारलाच पडला होता. साडेपाचला शेगडीने धूर ओढायला सुरुवात केली. बाईंनी चहा आणला, खसखशीचे बन आणले. प्रोकोपने एक तोंडात घातला. त्यालाही तोच वास. आता थुंकायचा कसा? त्याने चहाच्या घोटाबरोबर तो तसाच खाली ढकलला.

पायाला आता खाज सुटली होती. बाई दिव्याची वात... नाही, दिवा विजेचाच होता, बाई पडदा ओढायला वळल्या, तेव्हा त्याने टेबलाखाली हळूच एक पाय बाहेर काढला.

मोज्यावर काहीतरी चिकटून आलं होतं. तापलेल्या दुधावर साय धरते ना, तसं. पातळ, सुरकुतलेलं, करडं. आणि त्या सायीत एक नख होतं. पायाच्या अंगठ्याचं. पिवळं. अख्खं.

प्रोकोपच्या तोंडाला पाणी सुटलं. उलटीच्या आधी सुटतं तसलं.

"बाई… या सपाता कुणाच्या आहेत?"

ओटिलीबाई वळल्या. त्यांनी टेबलाखाली बघितलं. पडदा हातातच राहिला.

"बूट काढलेत तुम्ही?"

"सगळेच काढतात, बाई."

"मी नको म्हटलं होतं."

"सगळ्याच म्हणतात."

बाई खुर्चीवर बसल्या. मग बोलल्या. हळू, जणू कुणाला ऐकू जाऊ नये अशा.

विलेम एकोणीस दिवसांनी सापडला होता. खालच्या बंधाऱ्याच्या जाळीत. पाय अशा अवस्थेत होते की शवपेटीत घालताना बूट चढेनात. ओढायला गेलं की कातडं सुटून हातात यायचं. शेवटी पुरणारा म्हणाला, बाई, राहू द्या. अनवाणीच पुरला त्याला.

"तिसऱ्या रात्री आला. उंबऱ्यात उभा राहिला आणि आपल्या पायांकडे बघत राहिला. मला बघवेना, मिस्त्री. त्याच्या सपाता काढून पुढे ठेवल्या. घातल्या त्याने. सकाळपर्यंत इथे बसला, तुम्ही बसलाय त्या खुर्चीत. तेव्हापासून रोज. मी रोज सपाता वाळवते."

प्रोकोप खुर्चीतून उठला.

"सपाता घालून तो रस्त्यावर जात नाही. जिवंतपणीही गेला नाही. घरातलं घरात, बाहेरचं बाहेर, तुम्हाला माहीतच आहे तो कसा होता. म्हणून सगळे बूट मी कुलपात घातले. त्याला घालायला बूट मिळाले की…"

बाई थांबल्या.

बाहेरच्या खोलीत नाडी ओढल्याचा आवाज आला.

एकदा.

मग दुसरी.

दोघंही हलले नाहीत. मग दार उघडलं. पायांवरून गार वारा गेला. प्रोकोपच्या डाव्या बुटाच्या टाचेला लोखंडी नाल होती. दगडी फरसबंदीवर ती वाजली. टक्… टक्… टक्…

"कुठे जाईल तो?"

"बूट तुमचे आहेत," ओटिलीबाई म्हणाल्या. "त्यांना कुठली वाट ठाऊक आहे?"

प्रोकोपला पहिल्यांदा ते कळलंच नाही. मग कळलं.

घरी ब्लाझेना एकटी होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची तारीख जानेवारीतली. तिला माणसांच्या नुसत्या सावल्या दिसायच्या. तिने प्रोकोपला ओळखायचं ते बुटांवरून. आवाज आला की कडी काढायची.

शेवटची बस पाच दहालाच गेली होती. नदीकाठच्या रानवाटेने आमचं गाव डोल्नी पाच किलोमीटर. बाईंनी कुलूप काढून आपले बूट पुढे केले. त्याच्या अर्ध्या पायालाही ते पुरेनात. त्याने मोजे ओरबाडून शेगडीत टाकले आणि अनवाणीच निघाला. पंच्याहत्तर किलोचा, एकसष्ट वर्षांचा माणूस, बर्फाळ चिखलातून अनवाणी धावत.

पूल ओलांडला. रान लागलं. फोनला रेंज नव्हती. त्या दरीत कधीच नसते, आणि ओटिलीबाईंकडे फोनच नव्हता.

टक्… टक्… आवाज पुढे होता. धावला तरी तेवढाच पुढे. थांबला तरी तेवढाच. तो ओरडला. "विलेम! अरे विलेम!" आवाजाची चाल बदलली नाही.

त्याने फोनचा उजेड खाली पाडला. चिखलात त्याच्याच बुटांचे ठसे. प्रत्येक ठशात काठोकाठ पाणी. आठ दिवसांत पाऊस नव्हता. पाण्यावर तवंग होता, आणि तो वास. ज्या ठशांना टाळून पाय टाकणं जमलं नाही, त्यांत त्याचा पाय पडला. ते पाणी कोमट होतं.

वाटेत एकदा झाडाला धरून तो ओकला. खसखशीचा बन. मग पुन्हा धावला.

गावाआधी टेकाडावर एक लहानसं देऊळ आहे, मरियमचं. तिथे फोनला रेंज येते. सहा वाजून एकोणपन्नास मिनिटं झाली होती. त्याने ती वेळ मला दहादा तरी सांगितली असेल. त्याने फोन लावला. पाच वेळा रिंग गेली.

"हॅलो?"

"ब्लाझेना! दार उघडू नकोस! ऐकतेस? कुणीही—"

"अरे दारात उभा राहून फोन काय करतोस?" ती हसत होती. "ऐकले तुझे बूट. आले, आले."

"ब्लाझेना!"

"धीर धर की जरा. कडी घट्ट झालीय…"

फोन खाली ठेवल्याचा आवाज.

त्याने परत लावला. रिंग वाजत राहिली. वाजत राहिली…

पुढचं त्याला नीट आठवत नाही. उतार होता. एवढंच.

घराचं दार सताड उघडं होतं. आत दिवा. दाराशी भिंतीला लागून त्याचे बूट, नीट जोडीने ठेवलेले. तोंडापर्यंत पाण्याने भरलेले.

स्वयंपाकघरात ब्लाझेना पाव कापत उभी होती.

"आता परत कुठे गेला होतास? सूप वाढलं तर उठून गेलास. थंड झालं बघ."

टेबलावर लसणाच्या सुपाची वाटी होती, न उष्टावलेली. दारापासून टेबलाशी, टेबलापासून तिच्या खुर्चीशी आणि तिथून मागच्या दाराकडे पावलं उमटली होती. अनवाणी, मोठी, बुळबुळीत. एकेका पावलात करड्या सालीचे तुकडे. मागच्या दारातून ती नदीकडे गेली होती. परतलेली नव्हती. ओटिलीबाईंकडेही त्यानंतर कुणी आलं नाही.

"बोलत का नाहीस? घसा बसला?" ब्लाझेना म्हणाली. "आणि कसला वास येतोय तुला? त्या शेगडीत काय डुक्कर मेलं होतं?"

"हो," तो म्हणाला. "तसंच काहीतरी. तू हलू नकोस तिथून. जमीन ओली आहे."

गुडघ्यांवर बसून त्याने ती जमीन चार वेळा पुसली. सोडा, उकळतं पाणी, दारू, पुन्हा सोडा. फडकी जाळली. बूट चिमट्याने उचलून जाळले. तिचा पाय त्यातल्या कशावर पडू नये एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तिला खरं काय ते त्याने कधीच सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही त्या हिवाळ्याच्या शेवटी.

जमीन पुसून होत आली तेव्हा ती खुर्चीत बसून म्हणाली,

"बाकी आज तुला प्रेम बरं आलं हं."

"काय?"

"वेड पांघरतोय बघा. आल्या आल्या वाकलास की गालावर. किती वर्षांनी रे…" ती लाजली होती. सत्तावन्न वर्षांची बाई. "ओठ किती गार पडले होते तुझे."

प्रोकोपने फडकं खाली ठेवलं आणि तिच्या गालाला हात लावला.

जानेवारीत तिचं ऑपरेशन झालं. दिसायला लागलं. डॉक्टरांनी तो गार पडलेला गालही बघितला. म्हणाले, रक्ताभिसरणाचं काहीतरी असेल, दुखत नाही ना, मग झालं.

मी ते ऑगस्टात पाहिलं. पस्तीस अंशांचा उकाडा, वारा नाही, आम्ही तिघं बाकावर बसलेलो. तिच्या डाव्या गालावर दोन ओठांएवढी जागा होती. तेवढीच. तेवढ्या जागेवर दव धरलं होतं. बारीक, पांढरं, पहाटे गवतावर असतं तसं. ती बोलता बोलता रुमालाने ते टिपायची आणि प्रोकोपकडे बघून गालात हसायची. तो नदीकडे तोंड करून बसायचा.

रुमाल खाली घेईपर्यंत दव पुन्हा धरायचं.