चोवीस जूनपर्यंत

"मॅडम, माह्या मोनालीची सीट गेली!"

इंदूबाईचा फोन ठेवून ममता मॅडमनी चपला घातल्या. निवृत्त झाल्या तरी दारव्ह्यात इंग्रजीच्या मॅडम म्हणजे त्याच.

अभ्यासिकेत मोनाली रडत होती. यवतमाळच्या नर्सिंग कॉलेजकडून मेलनं आलेल्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, ‘सबमिट डॉक्युमेंट्स टिल २४ जून’. कॉलेज मात्र म्हणत होतं की मुदत चौदा होती, काल संपली. पत्र खोटं असल्याचं आज पाचच्या आत लेखी आणलं, तरच सीट परत. नाहीतर ती वेटिंगवाल्या मुलीला.

"मेल कोणी उघडला?"

"मी," अभ्यासिका सांभाळणारी वैष्णवी म्हणाली. "प्रिंट इम्तियाजभाऊनं काढली."

"मेल दाखव."

"डिलीट झाला, मॅडम."

शेजारी इम्तियाजचं झेरॉक्सचं दुकान होतं. तो चिडलाच. "पेनड्राइव्हवर होतं तेच छापलं. मी कायले बदलू?"

"सोमवारपर्यंत फॉर्म भरा, हे इंग्रजीत लिही."

त्यानं झटकन ‘बाय मंडे’ लिहिलं. "दिवसभर फॉर्मच भरून राह्यलो न, मॅडम."

मॅडम परत आल्या. वैष्णवीच्या टेबलावर तिच्याच वळणदार अक्षरात पाटी होती, ‘रिटर्न बुक्स टिल सॅटरडे’. त्यांनी पाटी उचलली.

"वैष्णवी, शनिवारपर्यंत वाचत बसायचं तर टिल. शनिवारच्या आत परत करायचं तर बाय. मराठीत दोन्हीला पर्यंतच, म्हणून आपली गल्लत होते. कॉलेज असं लिहिणार नाही. हे पत्र या पाटीवालीनं लिहिलं. वेटिंगवर पहिलं नाव कोणाचं?"

"माह्यं." वैष्णवीला रडू फुटलं. "फक्त तारीखच बदलायची होती. पण पीडीएफ होती, सगळं नवीन टाइप करा लागलं. बाय दिसलं तं मले वाटलं, कॉलेजवाल्यायचंच चुकलं. म्हणून दुरुस्त केलं."

"दुरुस्त?"

"तुम्हीच शिकवलं होतं न? पर्यंत म्हणजे टिल. दहा-दहा वेळा लिहून घेतलं होतं."

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. खरंच होतं. एका प्रशिक्षणात चूक कळली, तेव्हा त्यांनी पुढच्या वर्गाला नीट शिकवलं. आधीच्या मुलांना बोलावून सांगायची मात्र लाज वाटली होती.

"मोनालीची माफी माग," त्या म्हणाल्या. "अन् कागद घे. पाचच्या आत यवतमाळ गाठायचं आहे."

वैष्णवी लिहू लागली. खरी तारीख लिहिताना पेन थांबलं.

"मॅडम, इथं काय येईन?"

मॅडमना तिच्याकडे बघवलं नाही.

"बाय," त्या म्हणाल्या. "अन् तुह्या सहीखाली माह्या सहीले जागा ठेव."