मोकळं पाणी

बर्फात भोक पडलं होतं, खाली अख्खा समुद्र होता, मग गुंड्याची आई रिकाम्या पोटी वर का येत होती? इरावतीला काही केल्या हे कोडं सुटेना.

गुंड्या म्हणजे पेंग्विनचं पिल्लू. इरावतीचे आजोबा, समुद्रशास्त्रज्ञ डॉ. टिपणीस, अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या केंद्रात काम करत. २०६१च्या उन्हाळ्यात त्यांनी नातीला सोबत आणलं आणि तिने आल्या आल्या या पिल्लाला जीव लावला. पण यंदा किनाऱ्यालगतचा बर्फ हटलाच नव्हता. गुंड्याचा बाप अन्नासाठी गेला तो परतला नाही. आईला समुद्र गाठायला लांबवर चालावं लागे, आणि गुंड्या भुकेने वाळत चालला होता. पिल्लांना कुणी भरवायचं नाही, हा केंद्राचा सक्त नियम.

"मग इथेच भोक पाडा ना, आजोबा!" इरावतीने असा पिच्छा पुरवला की आजोबांनी शेवटी उकळत्या पाण्याचा फवारा सोडून भोक पाडलं. नातीच्या हट्टापुढे भल्याभल्यांचं शहाणपण चालत नाही.

झालं उलटंच. गुंड्याची आई लांब जायची ती भोकाशीच थांबली. बुडी मारायची, रिकामी वर यायची, पुन्हा बुडी मारायची.

इरावतीने डुबी नावाच्या यंत्रमानवाला खाली सोडलं.

"अंधार आहे," डुबी म्हणाला. "क्रिल (कोळंबीसारखे इवले जीव) एकही नाही."

"असं कसं, आजोबा?"

आजोबा तिच्याशेजारी बसले. "इरू, दर हिवाळ्यात डोंगरावरून झोंबरा वारा सुटतो आणि किनाऱ्याचा बर्फ आत समुद्रात ढकलतो. मागे उरतो पॉलिनिया (बर्फाने वेढलेल्या मोकळ्या पाण्याचा पट्टा). तो गोठतो, वारा पुन्हा बर्फ ढकलतो. गोठताना बर्फ मीठ बाहेर टाकतो. खारट पाणी जड, म्हणून ते खाली बुडतं आणि खालचं सकस पाणी वर येतं."

"मग?"

"मग वसंतात मोकळ्या पाण्यावर ऊन पडतं. वनस्पतिप्लवक (तरंगत्या सूक्ष्म वनस्पती) वाढतात. त्यांना क्रिल खातात आणि क्रिलना पेंग्विन. यंदा खाडीच्या तोंडाशी हिमनग रुतून बसलाय. बर्फ जागचा हलेना, तिथे वारा तरी काय करणार?"

"म्हणजे नुसत्या भोकाने काहीच होणार नव्हतं. तुम्हाला हे माहीत होतं?"

आजोबांनी मान खाली घातली. "होतं गं. तुझा रडवेला चेहरा बघवला नाही मला."

शेवटी आई दूरच्या समुद्राकडे गेली. परतली तेव्हा तिचं पोट गच्च भरलेलं होतं, पण गुंड्या सकाळीच मेला होता. पेंग्विन दुसऱ्याच्या पिल्लाला भरवत नाहीत. दगडगोट्यांच्या घरट्याशी उभी राहून ती हाका मारू लागली. इरावती हमसून हमसून रडली.

"हिमनग खालून वितळतोय," डुबी हळूच म्हणाला. "वर्षा-दोन वर्षांत सुटेल."

"मग वारा समुद्र मोकळा करील," आजोबा म्हणाले. "पुढची पिल्लं जगतील, इरू."

इरावतीने डोळे पुसले. "आजोबा, यापुढे मी कितीही रडले तरी मला खरं तेच सांगायचं."

आजोबांनी तिचा हात घट्ट धरला. घरट्याशी आई अजून हाका मारत होती.